घाटमाथ्यावरचे आरमार

ज्या मुलखाला समुद्र नाही, त्या मुलखातील वाचनालयाच्या शताब्दी-ग्रंथात आरमाराविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा सारा प्रदेश घाटमाथ्यावरचा. आपल्याकडची बोलीही ऊस, तंबाखू, जोंधळा आणि पावसाची. भरती-ओहोटीचे शब्द तिच्यात फारसे नाहीत. तथापि समुद्राच्या इतिहासाशी आपला संबंध वाटतो त्यापेक्षा पुष्कळच जवळचा आहे. तो किती जवळचा, हे कारवार येथील युद्धनौका-संग्रहालय पाहून परतताना, अणशीचा घाट चढून जोयडा-रामनगरमार्गे खानापूरकडे येताना, प्रस्तुत लेखकाच्या विशेषत्वाने ध्यानात आले.

कारवार हे नाव आपल्या भागात गेली कित्येक वर्षे बेळगाव आणि निपाणी या नावांच्या जोडीने उच्चारले जात आहे. परंतु ते घोषणेतील नाव म्हणून जितके ओळखीचे, तितके बंदर म्हणून नाही. काळी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे हे गाव वसले आहे. त्याची लांबच लांब पुळण रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाने ओळखली जाते. रवींद्रनाथांचे बंधू सत्येंद्रनाथ हे येथे जिल्हा न्यायाधीश होते आणि तरुण रवींद्रनाथांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक त्यांच्याकडे मुक्कामास असताना लिहिले. या पुळणीवर भारतीय नौदलाची एक निवृत्त क्षेपणास्त्र नौका जमिनीवर आणून उभी केली आहे. तिचे नाव हिंदी वळणाने ‘चपल’, आपल्या भाषेत ‘चपळ’. पुढे नौदलाचे टुपोलेव्ह-१४२ हे अजस्र टेहळणी विमानही तेथे आणण्यात आले.

‘चपळ’ पाहून पहिली भावना होते ती आश्चर्याची. युद्धनौका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तरंगता डोंगर येतो. ही नौका लांबीला जेमतेम चाळीस मीटर आहे. दोन्ही बाजूंस दोन-दोन अशा चार मोठ्या पेट्या आहेत, त्यांत क्षेपणास्त्रे असत. पुढे व मागे प्रत्येकी एक जोडतोफ, पोटात तीन डिझेल इंजिने, आणि हे सारे चालविण्यास सुमारे तीस माणसे. आत उतरले की जागेची टंचाई जाणवते. नौसैनिकांचे पुतळे जागोजागी बसविले आहेत. त्यांच्याजवळून जाताना आपणच अंग चोरून घेतो. मग तीस जिवंत माणसे तापलेल्या इंजिनांशेजारी खवळलेल्या समुद्रात तेथे कशी राहत असतील, याची कल्पना करावी. मुलांना तोफा आवडतात. मोठ्यांनी तो अरुंद जिना आणि इंजिनांची खोली अवश्य पाहावी.

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे इष्ट आहे. ‘चपळ’ने १९७१ च्या युद्धात कराचीवर हल्ला केला, अशी समजूत बरीच पसरलेली आढळते. ती वस्तुस्थितीस धरून नाही. ‘चपळ’ नौदलात दाखल झाली ती १९७६ मध्ये, आणि २००५ मध्ये निवृत्त झाली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेल्या त्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौका. त्यांचे नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव यांच्याकडे होते. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका त्या रात्री बुडाली. चार दिवसांनी ‘विनाश’ने पुन्हा हल्ला केला व केमाडीच्या तेलटाक्या पेटल्या. ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळला जातो तो या घटनेमुळे. ‘चपळ’ ही त्या नौकांची धाकटी बहीण. त्याच सोव्हिएत घराण्यातील, सुधारलेल्या बांधणीची. तिला न केलेल्या पराक्रमाचे श्रेय देण्याची काहीच गरज नाही. ज्या प्रकारच्या नौकेने तो पराक्रम केला, तो प्रकार आपणांस आतून-बाहेरून पाहता येतो, हे महत्त्व तिला पुरेसे आहे.

तो प्रकारही विचार करण्याजोगा आहे. या नौका सोव्हिएत रशियाने स्वतःच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनविल्या होत्या. त्यांचा पल्ला थोडा. म्हणून आपल्या नौदलाने त्या मोठ्या जहाजांच्या मागे बांधून शत्रूच्या दिशेने ओढत नेल्या आणि मग मोकळ्या सोडल्या. किनाऱ्याजवळ वावरणारी, उथळ, वेगवान, लहान नौका मोठ्या जहाजाला भारी पडते, ही युक्ती पश्चिम किनाऱ्याला नवी नव्हती. कान्होजी आंग्र्यांची गलबते वारा पडला की वल्ह्यांच्या जोरावर इंग्रजांच्या अवजड जहाजांच्या पिछाडीला जाऊन भिडत. तेथे त्या जहाजांच्या बाजूच्या तोफा निरुपयोगी ठरत.

पुळणीवर उभे राहून उत्तरेस पाहिले की काळी नदीच्या पलीकडे सदाशिवगडाची टेकडी दिसते, समोर कूर्मगड आणि दीपस्तंभाचे देवगड बेट. दक्षिणेकडील भूशिराआड अंजदीव बेट आहे. ते येथून दिसत नाही आणि आता नौदलाच्या तळाचाच भाग झाले आहे. या एका बेटाचा इतिहास लिहू गेल्यास स्वतंत्र ग्रंथ होईल. १४९८ मध्ये वास्को द गामा येथे थांबला होता. मुंबई पोर्तुगीजांकडून ताब्यात घेण्यासाठी आलेल्या इंग्रज सैनिकांना मुंबईत उतरू दिले गेले नाही, तेव्हा सर अब्राहम शिपमन आपली तुकडी घेऊन याच बेटावर राहिला. तेथे रोगराईने त्याचे बहुतेक सैनिक मेले, १६६४ मध्ये तो स्वतःही मेला. उरलेल्या मूठभर लोकांनी फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला.

हा महिना लक्षात ठेवावा, कारण त्याच फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेस निघाले होते. सिंधुदुर्गाचे बांधकाम नुकतेच सुरू झाले होते. पंच्याऐंशी लहान लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे असा त्या आरमाराचा आकार इंग्रजांनी नोंदविला आहे. बसरूरचे संपन्न बंदर लुटून परतताना महाराजांनी गोकर्णास मुक्काम केला, आरमाराचा मोठा भाग परत धाडला, नद्या ओलांडण्यापुरती गलबते ठेवली आणि अंकोल्यावरून ते खुष्कीने कारवारला आले. तेथे आदिलशाही सरदार शेरखान होता. त्याच्या मध्यस्थीने गावच्या व्यापाऱ्यांनी खंडणी गोळा केली. इंग्रजांच्या वखारीला ११२ पौंड द्यावे लागले. महाराजांनी स्वतः आरमाराबरोबर केलेली अशी मोठी मोहीम ही एवढीच. कारवार-अंकोल्याचा प्रदेश कायमचा स्वराज्यात आला तो पुढे १६७५ मध्ये, फोंड्याचा किल्ला जिंकल्यानंतर. एकाच महिन्यात एका बाजूस इंग्रज मुंबईत पाय रोवतात आणि दुसऱ्या बाजूस मराठ्यांचे आरमार पहिल्यांदाच दूर समुद्रात जाते, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला चटका लावून जातो.

आता घाटावर येऊ. कारवारच्या नौदल-तळाचे नाव ‘कदंब’. २००५ मध्ये तो कार्यान्वित झाला. ज्यांनी खानापूर तालुक्यातील हलशी पाहिली आहे त्यांना हे नाव परके वाटणार नाही. हलशी, म्हणजे ताम्रपटांतील पलाशिका, ही कदंबांची एक राजधानी. पुढे गोव्याच्या कदंबांच्या राज्यातही हलशीचा प्रांत हा महत्त्वाचा होता, आणि तेथील भूवराह-नरसिंहाचे मंदिर बाराव्या शतकातल्या त्यांच्याच काळातले आहे. या कदंबांची बंदरे खाली चंद्रपूर आणि गोपकपट्टण येथे होती. त्यांच्या जहाजांचे वर्णन शिलालेखांत येते. समुद्रावर सत्ता गाजविणाऱ्या या राजघराण्याला पिकाऊ जमीन, मंदिरे आणि दुसरे सिंहासन हवे होते, आणि ते त्यांनी घाटावर, आपल्या खानापुरात ठेवले. हलशीच्या देवळात पाच मिनिटे थांबून परतणारे प्रवासी पुष्कळ. ते देऊळ बांधणाऱ्या राजांची गलबते खाली समुद्रात होती, हे तेथे कोणी सांगत नाही.

सतराव्या शतकात हाच संबंध व्यापारातून दिसतो. रायबाग हे आज बेळगाव जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. त्या काळी ते मिरीची मोठी पेठ होती. इंग्रजांनी राजापुरास वखार घातली त्यामागे रायबागच्या मिरीचे आकर्षण होते. बैलांचे तांडे घाट उतरून माल बंदरावर नेत. कारवारच्या वखारीत जी तलम वस्त्रे येत ती हुबळीकडच्या मागांवर विणलेली असत. १६३८ मध्ये कोर्टीनच्या मंडळीने कारवारला वखार घातली. त्याच सुमारास डचांनी वेंगुर्ल्याला ठाणे केले आणि तेथून गोव्याची नाकेबंदी चालविली. वेंगुर्ल्याची ती डच वखार आज भग्नावस्थेत उभी आहे. बंदरात बसलेल्या या तिघां-चौघां युरोपियनांचे डोळे समुद्राकडे नव्हते. ते घाटाकडे लागलेले असत. तांडा आला तर जहाज भरे, न आला तर ते रिकामे परते. आणि ही ये-जा एकतर्फी नव्हती, हे निपाणीकरांना तरी सांगावयास नको. ज्या तंबाखूवर निपाणीची पेठ उभी राहिली, ती वनस्पती मुळात पोर्तुगीजांच्या जहाजांतून, समुद्रावरूनच या देशात आली.

जहाज बांधावयाचे तर लाकूड हवे, आणि लाकूड सह्याद्रीत. या बाबतीत रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’कडे पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. १७१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारात सिद्ध झालेल्या या ग्रंथात दुर्गांइतकाच विचार आरमाराचा केलेला आहे. जहाजे फार थोर नकोत, फार लहानही नकोत. दर्यावर्दी लोकांना वेळेवर वेतन मिळावे. सागवानादी लाकूड तोडावयाचे ते परवानगीने. परंतु आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती मात्र जबरदस्तीने तोडू नयेत, असे अमात्यांनी बजाविले आहे. टोपीकर व्यापाऱ्यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये, असाही इशारा त्यात आहे. अमात्यांचे बावडे घाटाच्या तोंडावर, निपाणीपासून फार दूर नाही. आरमारावर मराठीत लिहिलेले सर्वांत शहाणपणाचे प्रकरण डोंगरात राहणाऱ्या माणसाने लिहिले, यात काही विसंगती नाही. घाटावरच्या माणसालाच जंगल, वसूल आणि बंदर या तिन्ही गोष्टींचा हिशेब एकत्र मांडता येत होता.

मराठ्यांच्या त्या आरमारातील एकही जहाज आज शिल्लक नाही. संग्रहालयांतून ज्या गुराबांच्या व गलबतांच्या प्रतिकृती दिसतात त्या चित्रांवरून आणि वर्णनांवरून केलेल्या. आणि ती चित्रे-वर्णने बहुतांशी इंग्रज, डच व पोर्तुगीजांची, म्हणजे प्रतिपक्षाची. याउलट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे, लोक तिकीट काढून पाहतात. ती मुंबईत पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. आमच्या किनाऱ्याचे लाकूड आणि आमच्या सुतारांचे कसब टिकले, ते दुसऱ्याच्या निशाणाखाली.

आरमार गेले कसे, याची हकीकत बहुतेकांना विजयदुर्गापुरती ठाऊक असते. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांशी केलेल्या कराराच्या आधारे वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरात जळाले. घरच्या बंडखोराला नमविण्यासाठी पेशव्यांनी जो मार्ग पत्करला त्याचे समर्थन करणारे इतिहासकार आहेत. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. तुळाजीला नमविता आले असते, जळालेली जहाजे मात्र पुन्हा उभी राहिली नाहीत. असो. परंतु या कथेचे एक शेवटचे पान आहे आणि ते आपल्या भागाशी बांधलेले आहे. मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग हे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे उरले होते. त्याच सुमारास चिकोडी व मनोळी या तालुक्यांवरून कोल्हापूरकर आणि निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर यांच्यात दीर्घ झगडा चालला होता. १८१२ मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरकरांशी तह केला. त्या एकाच तहाने कोल्हापूरने चिकोडी-मनोळीवरील हक्क सोडला आणि मालवणचे बंदर इंग्रजांच्या हवाली केले. त्याच वर्षी सावंतवाडीने वेंगुर्ले दिले. निपाणीच्या शिवारावरून पेटलेल्या भांडणाचा निकाल लागताना मराठ्यांचे समुद्राकडे उघडणारे एक मोठे दार बंद झाले, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात नसली तरी आपल्या गावांच्या इतिहासात असावयास हवी.

पुढचा इतिहास रस्त्यांचा आणि रुळांचा आहे. बेळगावची लष्करी छावणी उभी राहिल्यावर वेंगुर्ले हे तिचे बंदर झाले. आधी रामघाटाने, नंतर आंबोलीच्या घाटाने माल व माणसे वर येत. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आणला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा धारवाडचा कापूस कारवारमधून नेण्याची मोठी स्वप्ने रंगविली गेली. रेल्वे मात्र १८८० च्या दशकात कॅसलरॉकवरून मार्मागोव्याला गेली. कारवार व वेंगुर्ले दोन्ही मागे पडली आणि घाटावरचा व्यापारी समुद्राला पाठमोरा होऊन मालधक्क्याकडे वळला. आपले समुद्राचे भान सुटले ते बहुधा याच पिढीत.

एकदाच ते जागे झाले होते, असे जुनी माणसे सांगतील. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीसाठी सतरावी डिव्हिजन आणि छत्रीधारी सैनिकांची पन्नासावी ब्रिगेड बेळगावात जमली, सांबऱ्याच्या धावपट्टीवरून विमाने उडाली. त्याच १८ डिसेंबरला अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण कामी आले. बेळगावच्या रस्त्यांवरून गेलेल्या लष्करी गाड्या पुष्कळांना आठवतात. अंजदीवचे सात जण क्वचितच कोणाला.

जतन करण्याचा प्रश्न येतो तेव्हा ‘विक्रांत’चे उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही. १९६१ मध्ये दाखल झालेली, १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही आपली पहिली विमानवाहू नौका २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती. २०१२ मध्ये ते बंद झाले, २०१४ मध्ये नौका भंगारात विकली गेली आणि तोडली गेली. एवढे मोठे जहाज सांभाळण्याचा खर्च कोणी करावा, या वादात ते गेले. २ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या ‘विक्रांत’वर नौदलाचे नवे निशाण फडकले, त्यातील अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. निशाणावर मुद्रा आली हे योग्यच झाले. मात्र जुने जहाज परत आले नाही. लहानगी ‘चपळ’ टिकली, याचे एक कारण तिचा लहानपणा हेही असावे.

समुद्राशी असलेल्या आपल्या संबंधाचा पुरावा याहूनही लहान आहे. बेळगाव, शहापूर, निपाणी, संकेश्वर येथील जुन्या व्यापारी घराण्यांकडे मोडी लिपीतल्या रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या, भाड्याने लावलेल्या बैलांचे हिशेब असत. त्यांत कोठे वेंगुर्ले, कोठे राजापूर, कोठे कारवार असे बंदराचे नाव असे. माल कोणत्या घाटाने उतरला, जकात किती पडली, पावसाळ्यात बंदर बंद असताना माल कोठे ठेवला, याची नोंद असे. सरकारी दप्तरात इंग्रजांची बाजू आहे, गोव्याच्या दप्तरखान्यात पोर्तुगीजांची. घाटावरच्या व्यापाऱ्याची बाजू या वह्यांतच मिळेल. मोडी वाचणारे हात दर वर्षी कमी होत आहेत आणि घरे पाडताना माळ्यावरची बासने रद्दीच्या वजनाने जातात. ज्या सभासदांकडे अशी एखादी वही असेल, त्यांनी ती वाचनालयात आणून दाखवावी. मूळ वही घरीच ठेवावयाची असल्यास तिच्या पानांची छायाप्रत काढून घेता येईल, आणि तिच्यात बंदराचे नाव असलेली पाने आधी वाचून काढावीत.